उसना घाम

नागपूरच्या पूर्वेला, धानाच्या मुलखात, निंबगव्हाण नावाचं कोष्ट्यांचं गाव आहे. तिथल्या चिंचेच्या पारावर श्रीहरबाजी महाराज बावीस वर्षं बसले. कमरेला धोतर, खांद्यावर एक पंचा, बोलणं मोजकं. चमत्काराची हौस घेऊन आलेल्या माणसाला महाराज सरळ वाटेला लावत. "घरी जा, म्हातारीचे पाय चेप," म्हणत. तेव्हा श्रोतेहो, आज मी जी हकीकत सांगतोय ती सांगितलेली महाराजांना आवडली असती असं काही नाही. पण भिवराबाईला न्याय द्यायचा तर ती सांगावीच लागते.

भिवराबाई ही डोमाजी कोष्ट्याची बायको. त्यांना एकच मुलगा, गोमाजी, वय वीस-एकवीस. या गोमाजीला जन्मापासून घाम येत नसे. थेंबभरही नाही. डोक्यावर केस म्हणाल तर मक्याच्या कणसाला असतात तेवढे विरळ. तोंडात दात सहा, तेही टोकदार. बुद्धी मात्र लख्ख, आणि हात असा की त्याच्या मागावरच्या कापडात गाठ शोधून सापडायची नाही. आज डॉक्टरमंडळी सांगतात की असं दुखणं आईबापांच्या रक्तातून उतरतं, हजारोंत एखाद्याच्या वाट्याला येतं आणि त्यात गुन्हा कुणाचाच नसतो. त्या काळी हे सांगणार कोण? गावानं एका वाक्यात निकाल लावून टाकला होता, "पोरगा मामावर गेला."

कारण भिवराबाईचा थोरला भाऊ अस्साच होता. चौदा वर्षांचा असताना चैत्रात मोहफुलं वेचायला रानात गेला आणि भर दुपारी झाडाखाली तापून तापून मेला. बाजूला पाण्यानं भरलेली घागर होती. ती त्याच्या अंगावर ओतायची असते, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. भिवरा तेव्हा नऊ वर्षांची. तिनं ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग कातडी तव्यासारखी कोरडी पडली, मग तो असंबद्ध बोलायला लागला.

आता अशा बाईला सासरी काय ऐकावं लागत असेल ते तुम्हीच समजा. भांडण मिठाचं असो की जळणाचं, शेवटी गाडी तिथंच यायची. माहेराहून लुगडी आणली नाहीस, भांडी आणली नाहीस, हे मात्र बरोबर आणलंस.

तिचा दिवस कसा जाई, ऐका. पहाटे उठून गोमाजीची बंडी भिजवायची. तासाभरानं ती वाळली की पुन्हा भिजवायची. पोरगा दिवसभर मागाच्या खड्ड्यात बसे. तिथं गारवा, आणि ओलीत सूतही तुटत नाही, म्हणून बरं चाले. भाकर दुधात कुस्करून द्यायची. दुपारी डोक्यावर ओलं फडकं, रात्री उशाला पाण्याचा भरला गडवा. विहिरीवर बाकीच्या बायकांच्या दोन खेपा होत, तर हिच्या नऊ. आणि खेपेगणिक एक सल्ला फुकट. एक म्हणे एरंडेल चोळ. दुसरी म्हणे मिरचीचा ठेचा चार, कसा घाम फुटत नाही बघते. तिसरी तर म्हणाली, लगन लावून दे, आपोआप येईल. भिवराबाई घागर उचलता उचलता म्हणाली, "सारं करून पायलं व बाई. आता तुह्या नवऱ्याले भिजवून पाय, तो तरी गार होते का." त्या दिवसापासून तिसरीनं सल्ला देणं बंद केलं. बाकीच्यांनी केलं नाही.

या सगळ्यात गोमाजीला नाद एकच, महाराजांचा. सकाळी ऊन चढायच्या आत पारावर जाऊन बसे. वैशाखी पौर्णिमेला महाराजांच्या पादुकांची पालखी निघते, तिच्यापुढचं अकरा हात भगवं निशाण दरवर्षी तोच विणून देई. निशाण हाती धरून पुढे चालण्याचा मान मात्र मालगुजारांच्या घराण्याचा. मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार, ते उदेभानजी. उत्सवाचा सारा कारभार त्यांच्या हाती. माणूस वाईट नव्हता. पारामागचं देऊळ बांधायला लाकूड त्यानंच दिलं होतं. पण दिलेलं लाकूड तो दर आठवड्याला मोजून दाखवी, एवढंच.

त्या वर्षी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गोमाजीनं निशाणाची घडी महाराजांपुढे ठेवली. महाराजांनी कापडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ज्यानं विणलं, त्यानंच उद्या धरावं."

पारावरची मंडळी उदेभानजींकडे वळून पाहू लागली. मग उदेभानजी हसले. "महाराज, उन्हात दोन कोस चालायचं आहे. ज्यानं उभ्या जन्मात घामाचा थेंब गाळला नाही, तो निशाण धरणार? मग त्याच्या डोक्यावर घागर ओतायला त्याची माय मागून चालणार. पालखी आहे की पोराचं बारसं?" मंडळी पोट धरून हसली. गोमाजी मान खाली घालून बसून राहिला. पण घरी येऊन त्यानं सांगितलं, "माय, मी धरणार."

भिवराबाईनं हातातलं फडकं खाली आपटलं. पोराला बोलून उपयोग नव्हता. तो हट्टाच्या बाबतीतही मामावर गेला होता. ती तशीच तरातरा पारावर गेली. पाया पडायचं बाजूलाच राहिलं.

"महाराज, वैशाखातल्या दुपारी माह्या पोराले उन्हात उभं करता? एक भाऊ गेला माहा. आता पोरगा बी न्यायचा हाय का?"

"तू पाणी घेऊन मागं चाल, माय," महाराज म्हणाले.

"वीस वर्षं झाली, मी पाणीच घेऊन चालून राहिली. तुमच्याजवळ येऊन बी पाणीच? एवढ्या लोकायचं बरं केलं म्हणतेत तुमी. माह्या पोराले थेंबभर घाम द्या ना. दूध-दही नाही मागत, घाम मागते मी. जो साऱ्या दुनियेले फुकट भेटते."

महाराज म्हणाले, "माझ्याजवळ जास्तीचा नाही. कुणाजवळ असेल तर मागून पाहीन."

हे काय उत्तर झालं? भिवराबाई परत जाताना वाटभर पुटपुटत होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या जागी आपण असतो तर आपणही पुटपुटलो असतो.

पौर्णिमेला दिवस दहा वाजताच पेटला. भिवराबाईनं घरून दोन घागरी भरून आणल्या, एक डोक्यावर, एक कडेवर. वेशीच्या अलीकडे उदेभानजींनी तिला अडवलं. "पालखीपुढे पाणी सांडलं तर भोयांचे पाय घसरतील. घागरी माझ्या बैलगाडीत ठेव." तिनं ठेवल्या. ठेवल्या आणि पाहते तो गाडी पालखीच्या पार मागे, साऱ्या गर्दीच्या शेवटी लावलेली.

वेशीवर पालखी थांबली, आरती सुरू झाली. गोमाजी निशाण धरून ताठ उभा. बंडी केव्हाच वाळली होती. भिवराबाई त्याच्या कानांकडे पाहत होती, आणि बघता बघता पाळ्या लाल झाल्या. तिला दुसरं काही पाहायची गरज नव्हती. ती उदेभानजींपुढे जाऊन उभी राहिली.

"मालक, माही घागर आणू द्या."

"आरती चालू आहे. आरती होईस्तोवर कुणी हलायचं नाही."

"पोरगा तापून राहिला, मालक."

"आम्हांला नाही का ऊन?" उदेभानजींनी कपाळावरचा घाम बोटानं निपटून झटकला. "हा बघ. आम्ही रडतो का?"

ती गर्दीत घुसून स्वतःच गाडीकडे जायला लागली, तर मालगुजारांच्या माणसांनी काठ्या आडव्या धरल्या. तिकडे गोमाजीच्या हातातलं निशाण डुलायला लागलं. तो काहीतरी बोलत होता, पण त्या बोलण्याला अर्थ नव्हता. मोहाच्या झाडाखाली तिनं ऐकलेलं ते बोलणं. भिवराबाई दोन्ही हातांनी काठ्या ढकलू लागली.

एवढ्यात महाराज पालखीमागून पुढे आले. गोमाजीकडे न जाता ते उदेभानजींपुढे उभे राहिले आणि हात पसरून म्हणाले, "उदेभानजी, तुमच्याजवळ घाम पुष्कळ दिसतो. थोडा मला उसना देता?"

लोक चपापले. उदेभानजींना मात्र मोठी गंमत वाटली. महाराज आपल्यापुढे हात पसरतात, याचं सुखही वाटलं असेल. ते म्हणाले, "घ्या की महाराज, हवा तेवढा घ्या. त्यात काय मोठं."

महाराजांनी खांद्यावरचा पंचा काढला. उदेभानजींचं कपाळ पुसलं, मान पुसली, मनगटं पुसली, आईनं लेकराचं पुसावं तसं. मग तो पंचा नेऊन गोमाजीच्या डोक्यावर ठेवला. आणि काय सांगू मंडळी, त्या हातभर कापडातून धारा लागल्या. कपाळावरून, कानामागून, पाठीवरून पाणी वाहू लागलं. बंडी चिंब झाली, धोतर चिंब झालं. भिवराबाईनं धावत जाऊन पोराच्या गळ्याला हात लावला. गळा गार होता. गोमाजीनं डोळे उघडून विचारलं, "माय, आरती झाली का?"

"झाली एकदाची," ती म्हणाली आणि तिथंच बसून रडली.

पालखी पुढे निघाली. उदेभानजी छाती काढून चालत होते. शंभरेक पावलं गेली असतील. त्यांनी फेट्याखाली बोट घातलं. बोट कोरडं निघालं. त्यांनी मानेला हात लावला. मानही कोरडी आणि चटका बसेल इतकी तापलेली. आणखी पन्नास पावलांवर ते रस्त्याच्या कडेला मटकन बसले. "मला घाम... घाम येईना," एवढंच त्यांना धड बोलता आलं.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. चौघं पंखे घेऊन आले आणि वैशाखातला वारा त्यांच्या अंगावर घालू लागले. एकानं कांदा फोडला. एक म्हणाला दृष्ट लागली. एकानं तर अंगावर घोंगडी घातली, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. भिवराबाई दुरून पाहत होती. तिनं मालगुजारांचे कान पाहिले. तिला एकटीलाच कळलं की काय होतंय आणि पुढे काय होणार.

खोटं कशाला बोलू? ती क्षणभर जागची हलली नाही. घागरी दोनच होत्या, वाट अजून दीड कोस उरली होती, आणि तो पंचा वाळला तर पुढे काय, हे तिला माहीत नव्हतं. या माणसानं तिचं पाणी अडवलं होतं. तिनं महाराजांकडे पाहिलं. महाराज पालखीच्या दांडीला टेकून आभाळाकडे पाहत होते, म्हणजे सांगणार काहीच नव्हते. गोमाजीच हळूच म्हणाला, "माय, मामाजवळ बी अशीच भरली घागर होती ना?"

भिवराबाईनं पदर खोचला. काठीवाल्यांना बाजूला सारून गाडीवरच्या दोन्ही घागरी ओढून काढल्या आणि गर्दीत शिरून ओरडली, "सरका तिकडं. ते पंखे फेका. घोंगडी कोणं घातली? तुले घालू का?" तिनं मालगुजारांना बाभळीच्या सावलीत ओढलं, फेटा काढून फेकला, अंगरख्याचे बंद तोडले. पाणी घातलं ते घळाघळा नाही. कानामागे, काखेत, मानेवर, ओंजळीओंजळीनं. फेटा भिजवून छातीवर पसरला. घोट घोट पाजलं. आणि तोंडानं अखंड बडबड. "वीस वर्षं सांगून राहिली मी, कोणी आयकते का. आरती होईस्तोवर म्हणे." पहिली घागर सरली तरी कातडी गरमच. तिनं दुसरी घागर पोराकडे न पाहता रिकामी केली.

दुसरी संपत आली तेव्हा उदेभानजींच्या वरच्या ओठावर एक थेंब आला. मग कपाळावर. भिवराबाईनं तो बोटानं पुसून पाहिला आणि मागे होऊन बसली.

तिकडे गोमाजीच्या डोक्यावरचा पंचा हळूहळू नुसता ओलसर उरला होता. घरी पोचेपर्यंत पुरला, पण घाम म्हणून जो होता तो गेला. भिवराबाईच्या ते लगेच ध्यानात आलं. "महाराज, ठेवायचा होता ना त्याच्याजवळ. एवढा आला होता तं."

"उसना होता, माय. ज्याचा त्याला परत गेला," महाराज म्हणाले. मग तिच्याजवळ बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "दुखणं माहेराहून आणलंस म्हणतात ना तुला? आणलं असशील. पण तापलेल्या माणसाला कुठं पाणी घालायचं, हे साऱ्या गावात एकट्या तुला ठाऊक होतं. तेही तू माहेराहूनच आणलंस. तुझ्या भावानं जाताना ते तुझ्याजवळ ठेवलं. त्यावर तुझा लेक वीस वर्षं जगला, आज हाही जगला. गावानं यातलं अर्धंच मोजलं." भिवराबाईला वीस वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला.

उदेभानजी धडपडत उठले. उघड्या डोक्यानं, चिखलानं माखलेले, ते महाराजांच्या पायांवर वाकायला आले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि भिवराबाईकडे बोट केलं. मालगुजार क्षणभर थांबले. मग त्यांनी रस्त्याच्या धुळीत गुडघे टेकले आणि कोष्ट्याच्या बायकोच्या पायांवर माथा ठेवला. "माय," ते म्हणाले, "मी पाणी अडवलं."

"अडवलं ते अडवलं," भिवराबाई म्हणाली. "आधी मान वर करा मालक, आत्ताच ताप उतरला. असं डोकं खाली धरलं तं घेरी येईन, अन् माह्याजवळ आता पाणी नाही."

पुढच्या वैशाखात निशाण गोमाजीच्याच हाती होतं. मागून भरली घागर घेऊन, अनवाणी, उदेभानजी मालगुजार चालत होते आणि त्यांच्या मागून भिवराबाई. निंबगव्हाणची जुनी माणसं सांगतात की वाटभर तिचा आवाज पालखीच्या टाळांवरून ऐकू येत होता, "कानामागं घाला मालक, कानामागं. किती वेळा सांगू?" आणि मालगुजार दर वेळी वाकून म्हणत होते, "हो माय."