तापत्या जागेचे दोन बोल्ट

टर्बोच्या गाड्या गावात नव्या आल्या, तेव्हाची गोष्ट. दौलतमामा मिस्त्रींनी एका गाडीच्या मॅनिफोल्डवर, जिथून इंजिनाचा जळता धूर बाहेर पडतो तिथे, दोन बोल्ट कसले. एक काळाभोर, कडक पोलादाचा. दुसरा निकेलच्या मिश्रधातूचा, मळकट.

“मळक्या, जरा जोरात पिळलं तर वाकशील रे!” काळा हसला.

“गार असताना तूच बळकट, दादा. पण घाट येऊ दे,” मळका म्हणाला.

घाटात मॅनिफोल्ड लालभडक झाला. काळ्याचं अंग मऊ पडलं, पकड सुटू लागली. “मळक्या, तू तरी सोडू नकोस!” तो कळवळला. मळक्याने एकट्याने धरून ठेवलं आणि गाडी गॅरेजात पोचली.

मामांनी काळ्याला भंगाराच्या डब्यात टाकलं. तिथून तो नव्या, चकचकीत बोल्टांना आजही बजावतो, “पोरांनो, ताकदीच्या बढाया नंतर. आधी विचारा, जागा किती तापते?”