निळी माती

“मग तुम्ही दगडावर हात का ठेवत नाही?”

श्रीरंगचा आवाज चढला होता. गुरूशी या स्वरात बोलू नये हे त्याला कळत होतं. पण मागे अकरा कुटुंबं उभी होती आणि पहिला बर्फ फार तर तीन आठवड्यांवर आला होता.

लामाजी गवताच्या एका उंचवट्यावर बसले, पिशवीतून लाकडी वाटी काढली आणि तीत थर्मासमधला चहा ओतू लागले.

ही गोष्ट हिमालयातल्या एका उंच खोऱ्यातली. दरड कोसळून वरच्या वस्तीतली अकरा घरं गेली, माणसं तेवढी वाचली. ती सध्या तंबूंत राहत होती, आणि तंबूत तिथला हिवाळा निघत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. श्रीरंगने त्यांच्यासाठी नदीकाठचं हे सपाट हिरवं कुरण निवडलं होतं. काल पाया खणून झाला, आज पहिला दगड बसवायचा होता. त्या गावात पायाच्या दगडावर लामाजींचा हात पडल्याशिवाय भिंत उठत नसे.

श्रीरंग घोरपडे मूळचा सांगलीकडचा, कृष्णाकाठचा. शेतकी कॉलेजात मृदाशास्त्रात तो पहिला आला होता आणि ही गोष्ट तो सहसा कुणाला विसरू देत नसे. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून तो लामाजींकडे आला. दोघं हिंदीत बोलत. इथे मराठीत सांगितलेलं बरं.

“गावच्या प्रधानजींना या जागेबद्दल तू काय सांगितलंस?” लामाजींनी विचारलं.

“जमीन चिबड नाही, असं सांगितलं.”

“चिबड म्हणजे?”

“जिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही ती. आमच्याकडे उसाला पाणी देऊन देऊन होते. वर मिठाचा पांढरा थर येतो. इथे पांढरं काही दिसतंय का? गवत बघा की, केवढं हिरवंगार आहे!”

“तुमच्याकडे ऊन कडक असतं?”

“असतं.”

“आणि इथे?”

ऊन असलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे उरतं. इथल्या थंडीत पाणी जिथल्या तिथे बसून राहतं. ही गोष्ट श्रीरंगने स्वतःच कधीकाळी उत्तरपत्रिकेत लिहिली होती.

“काल खणताना काय दिसलं?”

“वर वीतभर काळी माती. मुळांची दाट जाळी, पाय दिला की दबते.”

“त्याखाली?”

“निळसर राखाडी चिकणमाती… तांबडे ठिपके असलेली.”

“वास?”

“सडक्या अंड्यांचा.”

“ठिपके कशाचे रे ते?”

“गंजाचे. बर्फ वितळला की पाणी तिथवर चढतं, मग उतरतं, आणि मातीतलं लोखंड गंजतं.”

“आणि जिथे ठिपके नाहीत, नुसतीच निळी आहे?”

“तिथून पाणी कधी उतरतच नाही…”

गावचे प्रधान, म्हणजे सरपंच, ग्यालछन नेगी पुढे आले. गृहस्थ शांत स्वभावाचे, पण आता त्यांचा चेहरा बदलला होता.

“सर, हे तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतं.”

“त्यात काय एवढं? चर काढू आणि पाणी नदीत सोडू.”

“नदी तर कुरणाच्याच पातळीवर वाहते. पाणी उलटं इकडे येईल.”

तंबूवाल्यांपैकी यांगजोम नावाची एक म्हातारी मागून बोलली, “माझ्या सासऱ्यांनी इथे कुंपण घातलं होतं. थंडीत जमीन फुगली आणि तिने खांब वर ढकलले. बर्फ गेला तेव्हा सगळे आडवे पडलेले.”

“मग आधी का नाही सांगितलंत, आमा?” प्रधान म्हणाले.

“शिकलेल्या माणसापुढे मी काय बोलायचं?”

श्रीरंगचं डोकं फिरलं. सगळे एक झालेत आपल्याविरुद्ध, असं त्याला वाटलं. त्याने पायाचा दगड छातीशी उचलला आणि तो थेट खड्ड्यात उतरला. रात्रभरात खड्ड्यात घोटाभर पाणी साचलं होतं.

“मीच ठेवतो. बघू कसा टिकत नाही ते!”

“ठेवू नकोस,” लामाजी म्हणाले. “हातात धरून उभा राहा. माझा चहा संपेपर्यंत.”

“एवढंच ना?”

“एवढंच.”

लामाजींनी वाटीवर फुंकर घातली आणि एक घोट घेतला.

श्रीरंग उभा राहिला. पाणी इतकं गार होतं की पायाची बोटं आधी दुखली आणि मग दुखेनाशी झाली.

दुसरा घोट झाला. निळी माती बुटांवर चढली.

तिसऱ्या घोटाला ती पोटऱ्यांना लागली. श्रीरंगने उजवा पाय उचलून पाहिला, तर डावा आणखी खाली गेला. प्रधान पुढे धावले. लामाजींनी बोट वर केलं तसे ते थांबले.

“लामाजी…”

“अजून अर्धी वाटी आहे.”

माती गुडघ्याला आली. आता श्रीरंग घाबरला. दगड टाकला तर तो मातीत जाणार आणि सगळा गाव ते बघणार. धरून ठेवला तर आपण जाणार. त्याने दगड आणखी घट्ट धरला.

“जमीन कशी आहे?” लामाजींनी विचारलं.

“मऊ.”

“त्यांना ऐकू आलं नाही.”

“मऊ आहे!” तो ओरडला. “इथे घर टिकायचं नाही! एका हिवाळ्यात भिंती कलतील आणि झोपलेल्या माणसांवर पडतील!”

मागे कुणीतरी हुंदका दिला. कुरण गेलं म्हणजे हिवाळ्याचा आसरा गेला, हे प्रत्येकाला समजलं होतं.

“मग आम्ही जायचं कुठे?” प्रधान म्हणाले. “कोरडी सपाटी एकच, वर देवदारांत. पण तिथे सरांची साधनेची झोपडी. आणि सरच म्हणाले होते, तिथे सगळा खडक आहे, एका झोपडीपुरतीच माती आहे.”

लामाजींनी वाटी खाली ठेवली. तिच्यात अजून चहा होता.

“श्रीरंग, वर किती घरं बसतील?”

श्रीरंगने मान खाली घातली. तीन वर्षं तो तिथे एकटा राहिला होता. पहाटे डोळे मिटून बसलं की देवदारांतला वारा सोडून काही ऐकू येत नसे. त्या शांततेवर त्याचा जीव होता. तिथे अकरा घरं म्हणजे पोरांची रडारड, शेळ्या, नळावरची भांडणं… नुसत्या कल्पनेने त्याच्या अंगावर काटा आला होता. प्रधानांना सांगितलेलं ते वाक्य त्याच्या तोंडून किती सहज गेलं होतं! पुढे पुढे तर त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं.

“विचारलं मी तुला काहीतरी.”

“अकरा,” श्रीरंग म्हणाला. मग दगडाकडे बघत, “बारासुद्धा बसतील.”

“कधी मोजलंस?”

श्रीरंगने दगड आणखी पोटाशी ओढला.

“श्रीरंग.”

“दरड कोसळली… त्याच दिवशी.”

प्रधान त्याच्याकडे बघत राहिले, आणि ती नजर श्रीरंगला गार पाण्यापेक्षा जास्त झोंबली. यांगजोमने तोंड फिरवलं.

लामाजी उठले आणि खड्ड्याच्या काठावर, चिखलातच गुडघे टेकून बसले. श्रीरंगच्या हातातल्या दगडावर त्यांनी दोन्ही हात ठेवले. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले.

मग प्रधानांनी आणि आणखी दोघांनी श्रीरंगला काखेत धरून ओढलं. तो वर आला. बूट खालीच राहिले. दगड मात्र त्याने सोडला नव्हता.

तो निळ्या मातीने भरलेल्या पायांनी गवतावर उभा होता. त्याला रडू फुटलं आणि ते त्याने लपवलं नाही.

“जागा त्यांची आहे,” तो म्हणाला. “दगड वर पोचवतो आणि आजच निघतो, लामाजी. या लोकांना तोंड दाखवायची माझी लायकी नाही.”

लामाजींनी वाटीतला उरलेला चहा खड्ड्यात ओतला आणि वाटी पुसून पिशवीत टाकली.

“मग बारावं घर कुणाचं धरलं होतंस?”