खर्जाखालचा खळगा

एकदा एका तंबोऱ्यांच्या गावात नेमिनाथ नावाचा एक कारागीर जवारी लावण्याचे काम करीत असे. गाव कृष्णेच्या खोऱ्यात होते आणि तिथल्या एका गल्लीत घराघरांच्या आढ्यांना भोपळे सुकत टांगलेले असत. दुपारी वारा सुटला की ते एकमेकांना हलकेच टेकत आणि सबंध गल्ली झोपेत काहीतरी पुटपुटते आहे असे वाटे. ती गल्ली मी पाहिलेली नाही, नुसती ऐकलेली आहे. पण ही गोष्टच कानाची असल्यामुळे तेवढे पुरे.

ज्यांनी तंबोरा दुरूनच पाहिला आहे त्यांना जवारी म्हणजे काय ते सांगायला हवे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक लहानशी घोडी बसवलेली असते आणि चारही तारा तिच्या पाठीवरून जातात. ती पाठ कानशीने इतकी अचूक घासावी लागते की तार तिला धड टेकतही नाही आणि धड सोडतही नाही. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवला की स्वर उमलतो आणि उमलतच राहतो. केसभर अधिक घासले गेले तर मात्र तार मुकी होते. म्हणून या कामाचा नियम एकच आहे. कानस दोनदा फिरवायची आणि थांबून ऐकायचे. पुन्हा दोनदा, पुन्हा ऐकायचे. डोळे मिटून केले तरी चालते, कान मिटून केलेले चालत नाही.

नेमिनाथाने पाच वर्षे हा नियम पाळला होता. एके दिवशी एका वृद्ध गायिकेचा तंबोरा कारखान्यात आला. तो तिच्या गुरूंकडून तिला मिळालेला होता. त्याची घोडी सांबरशिंगाची होती आणि तसे शिंग आता कुठेच मिळत नाही. पंधरा दिवसांनी तिचे गाणे ठरले होते. ते बहुधा शेवटचे, असे तिनेच कळवले होते. तंबोरा तोवर तयार मिळेल, असा शब्द मालकांनी तिला दिला.

तंबोरा घेऊन आलेल्या तिच्या दोन शिष्या नेमिनाथाचे काम कौतुकाने पाहत उभ्या राहिल्या, आणि इथेच घात झाला. पाहणारे असले की माणसाला आपल्या हातांचा मोह पडतो. दर दोन फेऱ्यांनंतर थांबून ऐकणे त्याला नवशिक्याचे लक्षण वाटू लागले. कानस सलग सहा वेळा फिरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली खळगा पडला. त्याने तार छेडली, तर आवाज ओल्या लाकडावर बोट मारल्यासारखा बद्द.

मालक धावत आले. ऐकताच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी नेमिनाथाच्या हातातली कानस हिसकावून भिंतीवर फेकली, तिची लाकडी मूठ फुटली.

“पाच वर्षं अन्न खाल्लंस का शेण? पुन्हा कानशीला हात लावायचा नाही. उद्यापासून भोपळे पुसत बस.”

हे सर्व त्या शिष्यांदेखत झाले, साऱ्या कारागिरांदेखत झाले. नेमिनाथ मेल्याहून मेल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवसापासून तो भिंतीकडे तोंड करून भोपळे पुसू लागला. चार दिवसांनी मालकांनी एका कारागिराकरवी, तो साधा तंबोरा घे जवारीला, असा निरोप पाठवला. त्याने बोटाला काटा लागल्याचे कारण सांगितले. खरे तर कुठेही कानस वाजली की त्याला धडकी भरे आणि मालकांचे ते शब्द जसेच्या तसे कानात उठत. जेवताना उठत, आंघोळ करताना उठत. बायको मीठ मागे तेव्हाही त्याला आपल्यालाच कोणी बोलते आहे असे वाटे. आपला हात गेला, आता हे काम आपल्याच्याने होणार नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकले.

गल्लीच्या टोकाला इमामचाचा राहत. नेमिनाथाला जवारी त्यांनीच शिकवली होती. वयामुळे डोळे मंदावल्यावर त्यांनी कारखाना सोडला होता. मालकांनी गायिकेचा तो तंबोरा त्यांच्याकडे दुरुस्तीला पाठवायचे ठरवले, तेव्हा चाचांनी उलट निरोप धाडला की तंबोरा नेमिनाथाच्याच हाती पाठवा.

तो गेला तेव्हा दुपार होती. ओसरीवर उन्हाचा एक तिरपा पट्टा पडला होता आणि त्यात लाकडाची बारीक धूळ तरंगत होती. चाचांनी घोडीला हातही लावला नाही. तारा जुळव आणि वाजवत बस, एवढेच सांगितले. नेमिनाथ वाजवू लागला. तीन तारा उमलत, चौथी पडे. पुन्हा तीन उमलत, पुन्हा चौथी पडे. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढत गेला. आढ्याचे भोपळे त्या नादाने मंद घुमू लागले, आणि हे भोपळे अजून तंबोरे झालेले नसतानाच आपण त्यांना ऐकत आहोत असा भास त्याला झाला. किती वेळ गेला ते त्याला कळले नाही.

“काय ऐकू येतंय?” चाचांनी विचारले.

तो खोटे बोलला नाही. मालकांचे शब्द ऐकू येतात, म्हणाला.

“मालक किती वेळा बोलले?”

“एकदाच.”

“आणि तू किती वेळा ऐकलंस?”

चाचांनी घोडी चाचपली, अंगठ्याने तो खळगा शोधला आणि आपली जुनी कानस उचलली. पण ती त्यांनी खळग्याला लावलीच नाही. त्याच्या आजूबाजूचा, जिथे काहीच बिघडलेले नव्हते तो चांगला भाग ते घासू लागले. नेमिनाथाने घाबरून त्यांचा हात धरला.

“चाचा, ही बाजू चांगली आहे. हिला का घासताय?”

चाचांनी कानस त्याच्या मांडीवर ठेवली.

“शिंग पुन्हा वाढत नाही, बाबा. खळगा भरता येत नाही, लपवताही येत नाही. बाकीची पाठ हळूहळू त्याच्याइतकी खाली आणायची, म्हणजे खळगा राहत नाही. घोडी थोडी बुटकी होते, तेवढंच. आता दुसरं ऐक. तू सहा वेळा न ऐकता कानस फिरवलीस, ती चूक. मालकांनी बाईंना शब्द दिला होता, म्हणून ते भडकले. त्यांच्या बोलण्यात ‘ऐकल्याशिवाय घासलंस’ एवढंच घेण्यासारखं होतं. बाकीचा नुसता आवाज होता, तो तिथंच विरला. त्या दिवसापासून तू स्वतःलाच घासतोयस, रात्रंदिवस, आणि मधे एकदाही थांबून ऐकत नाहीस. म्हणजे बघ, चूक तीच चालू आहे.”

नेमिनाथाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने कानस उचलली. त्याने ती दोनदा फिरवली, थांबला, तार छेडून ऐकले. पुन्हा दोनदा फिरवली. तिन्हीसांजेपर्यंत घोडीची पाठ एकसारखी झाली, पण तारा आता फार खाली आल्या होत्या. घोडीच्या पायांखाली लाकडाची पातळ कपची घाल, मग उंची भरून येईल, असे चाचा म्हणाले. त्याने तारा सैल करून घोडी उलटी केली आणि तसाच थांबला. पायांखाली एक कपची आधीच चिकटवलेली होती. जुनी होती, काळी पडलेली.

“चाचा, इथे एक आहे.”

“असणारच,” चाचा हसले. “मीच घातलीय. तुझ्याएवढा होतो. बाईंचे गुरू बघत होते, मला हात दाखवायची हौस आली. तेव्हा मालकांचे वडील होते. त्यांनी कानस भिंतीवर नाही मारली, मला मारली.” आणि त्यांनी कपाळावरची एक पुसट खूण दाखवली. “तरी या घोडीची जवारी बाई चाळीस वर्षं नावाजतायत.”

नेमिनाथाने जुन्या कपचीवर नवी कपची ठेवली, घोडी बसवली, तारा ओढल्या. खर्जाखाली सूत सरकवत नेले. एका जागी तार बोलली. खालून, खोल, जणू कोणीतरी झोपेतून जागे होऊन हाक मारावी तशी. दोघेही अंधार पडेपर्यंत ऐकत बसले.

सकाळी तो तंबोरा घेऊन कारखान्यात गेला. मालकांनी डोळे मिटून चारही तारा ऐकल्या, पुन्हा एकदा ऐकल्या.

“चहा घेतलास का?” एवढेच त्यांनी विचारले आणि ते आत निघून गेले.

नेमिनाथ कित्येक दिवसांनी आपल्या जागेकडे वळला. भिंतीवरच्या खुंटीला त्याची कानस टांगलेली होती. तिला शिसवीची नवी मूठ बसवलेली होती. त्याने शेजारच्या कारागिराला विचारले, तेव्हा कळले की मालकांनी ती त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी स्वतः बसवली होती.

त्याने कानस हाती घेतली. नव्या मुठीवर आठ दिवसांची धूळ साचली होती. ती त्याने धोतराच्या सोग्याने पुसली आणि पुढचा तंबोरा जवळ ओढला.

आपण ज्या रागाला भिऊन भिंतीकडे तोंड करून बसलो आहोत, तो अजून शिल्लक आहे का, एवढे तरी वळून पाहावे.