तात्यांचा झाडा आणि सासूबाईंचा उपास

एका गावात एक भोळा जावई होता. नाव केरोबा. मनाने लोण्यासारखा, आणि सांगितलेलं एक अक्षर खाली पडू देत नसे. तेवढंच त्याचं दुखणं होतं.

श्रावणात तो बायकोबरोबर सासुरवाडीला आला, तर सासरे तात्या पोट धरून पडलेले. तीन दिवस पोट साफ नव्हतं, झाडा झाला नव्हता. सासूबाईंनी देवीपुढे हात जोडून सांगितलं होतं, "यांना झाडा झाल्याचं मला कळेल, तेव्हाच मी घास घेईन." तेव्हापासून माउली नुसत्या पाण्यावर होती.

दुपारी पाहुण्यांची पंगत बसली. केरोबाने पानावरूनच काळजीने हाक मारली, "तात्या, झाडा झाला का?"

पाहुण्यांचे हात वरणभातात थांबले.

सगुणाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला बाजूला घेतलं. "अहो, समोर खाण्याचं ताट असलं की तो शब्द काढू नये."

"बरं," केरोबा म्हणाला.

संध्याकाळी तो वैद्यबुवांकडे गेला. वैद्यबुवा पोहे खात होते.

"काय होतंय तात्यांना?"

केरोबा गप्प.

"झाडा होतो का?"

केरोबाने पोह्यांकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. जावयाचाच घसा बसला असं समजून वैद्यबुवांनी त्याला ज्येष्ठमध दिला.

तो चघळतच केरोबा घरी आला. सगुणा कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, कुणी विचारलं की सगळं सांगावं. कधी, किती, कसा."

"बरं."

सकाळी तो पुन्हा वैद्यबुवांकडे निघाला. वाटेत देवळात कीर्तन चाललं होतं. कीर्तनकार बुवांनी सहज विचारलं, "जावईबापू, तात्या कसे आहेत?"

केरोबा हात जोडून उभा राहिला. "चार दिवस झाडा नाही, महाराज. त्याआधी झाला तो थोडा. शेळीच्या लेंड्यांसारखा."

टाळ थांबले. बायकांच्या रांगेतून सगुणा उठून आली. "अहो, चारचौघांत तो शब्द काढू नये. किती वेळा सांगू?"

"बरं."

वैद्यबुवांनी या खेपेला एरंडेल दिलं. वर बजावलं, "तुमच्या बोलण्याचं काही खरं नाही. झाल्यावर तोंडाने सांगू नका, आणून दाखवा."

एरंडेलाने गुण दिला. दुसऱ्या दिवशी तात्या परसातून हसत आले. सगुणाला भरून आलं. "अहो, धावत जा, आधी आईला कळवा. देवळात ताट मांडून वाट बघत बसलीय."

केरोबा धावला. देवळात सासूबाईंपुढे पुरणपोळीचं ताट वाढलेलं, भोवती दहा-बारा सुवासिनी. तो दारातच अडखळला. समोर ताट होतं. चारचौघीही होत्या.

"जावईबापू, बोला हो लवकर," सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "झालं का?"

केरोबाने मान हलवली, ना हो, ना नाही. मग त्याला वैद्यबुवा आठवले आणि चेहरा एकदम उजळला. तो उलट पावली घरी पळाला, परसात गेला, आणि थोड्या वेळाने केळीच्या पानाने झाकलेलं टमरेल दोन्ही हातांत धरून परत आला. ते त्याने अदबीने ताटाशेजारी ठेवलं आणि पान बाजूला सारलं.

देवीला सगळं कळलं. सुवासिनींनाही कळलं.

"बघा," दाराबाहेर पळणाऱ्या एका सुवासिनीला केरोबा म्हणाला, "शब्द काढला का मी?"

सासूबाईंचा उपास आणखी दोन दिवस चालला.