उभी कापलेली वही

एकदा एक चपला शिवणारा कारागीर आपली हत्यारं विकायला निघाला. सिद्राम त्याचं नाव. चामडं कापायची रापी, ठोकणी, लाकडी साचे आणि कामाचा शिसवी पाट, सगळं त्याने गोणपाटात बांधलं होतं. विक्रीचा कागद करून घ्यावा म्हणून तो धान्यपेठेत गेला. तिथे एका पेढीच्या ओसरीवर एक वृद्ध दिवाणजी बसत. चाळीस वर्षे त्यांनी त्या पेढीचे हिशेब लिहिले होते. आता हात थरथरत असल्याने लेखणी सुटली होती, पण कागद कसा करावा हे विचारायला अजूनही गावातली माणसं त्यांच्याकडेच येत.

सिद्रामने आपलं म्हणणं सांगितलं. बारा वर्षे तो एका कारखानदाराकडे मजुरीवर चपला शिवत होता. हात चांगला होता. गेल्या साली धीर करून त्याने बाजाराच्या कोपऱ्यावर छोटं दुकान भाड्याने घेतलं आणि स्वतःचा धंदा मांडला. गिऱ्हाईक येत होतं, माल खपत होता, पण गल्ला भरतच नव्हता. आठवड्याच्या बाजारी चामडं घ्यायला जावं तर प्रत्येक वेळी दोन-चार रुपये कमी पडत. जुने मालक भले होते. येत्या अमावास्येपर्यंत तुझी जागा मोकळी ठेवतो, म्हणाले होते. तेव्हा आता हत्यारं विकून परत मजुरीला जायचं त्याने ठरवलं होतं.

“माझ्या हाताला बरकत नाही, दिवाणजी,” तो म्हणाला. “शिवता येतं, धंदा करता येत नाही.”

दिवाणजींनी गाठोड्याकडे पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, “तोटा किती झाला?”

“गल्ला रिकामा आहे.”

“मी गल्ल्याचं विचारलं नाही. तोटा किती झाला?”

वर्षभरात किती आलं, किती गेलं, यातलं सिद्रामने काहीच लिहून ठेवलं नव्हतं. चौथीपर्यंत शिकला होता, लिहिता-वाचता येत होतं. पण दिवसभर पाटावर वाकल्यावर लिहायला बसण्याचं त्राण उरत नसे. शिवाय इतक्याशा धंद्याला वही कसली, असं त्याला वाटे. वह्या पेढ्यांना शोभतात.

दिवाणजी म्हणाले, अमावास्येला अजून महिना आहे. तेवढे दिवस हत्यारं राहू देत, ती काही नासणार नाहीत. महिना भरल्यावरही विकायचीच असतील, तर कागद मी स्वतः सांगून करून देईन, एक पैसा घेणार नाही. त्यांनी सिद्रामला एक साधी वही घ्यायला लावली. प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ मारायची. चपलेपायी जे आलं आणि चपलेपायी जे गेलं, ते रेघेच्या डावीकडे. बाकी सगळं उजवीकडे. पानाच्या एकाच बाजूला लिहायचं, मागची बाजू कोरी सोडायची. ज्याची पावती मिळेल ती दुकानात टांगलेल्या तारेला खोचायची. आणि महिना संपेपर्यंत बेरीज करायची नाही.

“रोजचं रोज लिही,” ते म्हणाले. “उद्याला आजचं आठवत नाही, आणि आठवलं तरी मनाला हवं तसं आठवतं.”

सिद्रामच्या बायकोने, मालनने, वहीला हळदकुंकू लावलं. कडेवर लेक होती. ही पोर सातव्या महिन्यातच जन्मली होती. जन्मली तेव्हा ओंजळीत मावत होती. दुकानाचा पाट मांडला त्याच महिन्यात ती आली. आता वर्षाची झाली होती, पण छाती अजून नाजूक होती, औषध सुरूच होतं.

सिद्राम लिहू लागला. पहिले काही दिवस फार जड गेले. दोन आण्यांचा दोरा लिहायचा, टाच ठोकून दिल्याचे चार आणे लिहायचे. दुपारी चारच्या सुमारास बाजार विरळ झाला की दिवाणजी काठी टेकत दुकानात येत, साच्यांच्या फळीशेजारी बसत आणि त्याच्याकडून दिवसाचं वाचून घेत. ते कधी चांगलं म्हणत नसत, वाईटही म्हणत नसत. फक्त ऐकत.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वाचता वाचता सिद्राम म्हणाला, “चामडं, चार रुपये.”

दिवाणजींनी तारेकडे पाहिलं. “त्याची पावती?”

“हरवली असेल.”

म्हाताऱ्याने तारेवरच्या पावत्या एकेक करून चाळल्या. मग सिद्रामने मान खाली घातली. चामडं घेतलंच नव्हतं. आदल्या दिवशी पोरीला धाप लागली आणि त्याने गल्ल्यातले चार रुपये उचलून औषध आणलं. वर्षभर तो असंच करत आला होता. धंद्याच्या पैशात हात घालणारा माणूस कधी वर येत नाही, असं जुने मालक म्हणत. म्हणून त्याला ते लिहिताना लाज वाटली होती.

दिवाणजी रागावले नाहीत. “खोडू नकोस,” ते हळू आवाजात म्हणाले. “वरून एक रेघ मार, म्हणजे काय लिहिलं होतं तेही दिसेल. खाली उजवीकडे खरं लिही. लेकीचं औषध, चार रुपये. वहीसमोर लाजायचं नाही, सिद्राम. ती कुणाला सांगत नाही.”

सिद्रामने तसं लिहिलं. लिहिताना त्याचं अक्षर वाकडं आलं, पण लिहून झाल्यावर छातीवरचा भार थोडा हलका झाल्यासारखं त्याला वाटलं. त्यानंतर त्याने काही लपवलं नाही. धान्य, घासलेट, शेळीचा चारा, औषध, जे गल्ल्यातून घरी गेलं ते सगळं त्याने उजवीकडे लिहिलं.

महिना भरला. अमावास्या दुसऱ्या दिवशी होती. गोणपाटातलं गाठोडं कोपऱ्यात तसंच होतं. कामापुरती हत्यारं तेवढी त्याने बाहेर काढली होती. दिवाणजी आले, बसले, आणि त्यांनी वही मागितली. सगळी पानं उलटून पाहिली. मग ती परत सिद्रामच्या हातात देत म्हणाले, “तुझी रापी घे. ही वही त्या रेघेवरून उभी काप.”

सिद्रामला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ज्या वहीला मालनने हळदकुंकू लावलं, जिच्यात महिनाभर त्याने पैसा न् पैसा मांडला, ती कापायची? पिकल्या वयात म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, असंही क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं. पण दिवाणजींचा चेहरा शांत होता.

“माझा हात थरथरतो,” ते म्हणाले, “नाहीतर मीच केलं असतं.”

सिद्रामने पाटावर वही उघडी ठेवली. एकेक पान रेघेवरून सरळ कापलं गेलं. कोऱ्या मागच्या बाजूचा अर्थ त्याला तेव्हा कळला. मागेही लिहिलं असतं तर तिथलं डावं-उजवं उलटं पडलं असतं. डावा भाग शिवणीला धरून राहिला. उजव्या भागाच्या सुट्या पट्ट्या झाल्या.

“आता बेरीज कर,” दिवाणजी म्हणाले. “आधी डाव्या भागाची.”

सिद्रामने कोळशाने पाटाच्या कडेवर आकडे मांडले. नव्या चपलांचे तीनशे बारा रुपये आले होते, दुरुस्तीचे अठ्ठेचाळीस. चामड्याला एकशे चाळीस गेले, दोरा-रंग-तेल-खिळ्यांना बावीस, दुकानभाड्याला तीस. त्याने वजाबाकी केली. पुसली. पुन्हा केली. दोन्ही वेळा एकशे अडुसष्ट उरले.

“कारखान्यात महिन्याला मजुरी किती मिळत होती?”

“एकशे दहा,” सिद्राम म्हणाला. आणि एकशे अडुसष्टच्या आकड्याभोवती त्याने कोळशाने गोल काढला.

मग त्याने सुट्या पट्ट्या घेतल्या. ज्वारी आणि वाणसामान चौऱ्याहत्तर. औषध आणि डॉक्टर छप्पन्न. शेळीचा चारा पंधरा. घासलेट, साबण, पोरीची दोन झबली, सगळं मिळून सव्वीस. एकशे एकाहत्तर. दुकानाने जे दिलं त्यापेक्षा घराने तीन रुपये जास्त घेतले होते. गल्ला रिकामा होता तो एवढ्यासाठी.

दिवाणजींनी काठी आडवी ठेवली. त्यानंतर ते जे बोलले, ते सिद्राम आयुष्यभर विसरला नाही.

“माझ्या वडिलांचं कापडाचं छोटं दुकान होतं. ते त्यांनी बंद केलं. आपल्याला धंदा जमला नाही, असं ते म्हणत, आणि आम्हीही तसंच मानलं. शेवटच्या घटकेलाही ते आपल्या हातांकडे बघत होते. पुढे मी पेढीवर हिशेब शिकलो, तेव्हा एकदा त्यांच्या जुन्या पावत्या काढून बसलो. आठ दिवस बसलो. सिद्राम, ते दुकान एक वर्षही तोट्यात नव्हतं. त्या दुकानाने माझ्या तीन बहिणींची लग्नं केली, मला शाळेत घातलं, आईचं दुखणं काढलं. पण सगळं एकाच गल्ल्यातून, न लिहिता. त्यामुळे घराने जे प्रेमाने घेतलं, त्याचा आळ दुकानावर आला, आणि दुकानाचा आळ माणसावर. मला हे कळलं तेव्हा ज्यांना सांगायचं ते राहिले नव्हते.”

ते थांबले. श्वास घेतला आणि त्या सुट्या पट्ट्यांकडे बोट केलं.

“तुझी पोर जगली, ती यातून. याला तोटा म्हणू नकोस. आणि दुकान कमावतं, ते त्या डाव्या भागात दिसतं. त्याला आळ लावू नकोस. दोन्ही खरी आहेत, दोन्ही चांगली आहेत. पण त्यांचा हिशेब एकत्र घातलास तर दोन्ही खोटी दिसतात. म्हणून कापायला लावली.”

सिद्रामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते लपवलं नाही. वर्षभर तो पाटाशी बसताना स्वतःच्या हातांना दोष देत आला होता. मालन दोन वेळांऐवजी एकच वेळ जेवते हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचाही दोष त्याने त्याच हातांना दिला होता. आता तेच हात त्याच्यासमोर पाटावर होते, कोळशाने काळे झालेले.

मग त्याने विचारलं, “पण दिवाणजी, तीन रुपये तर कमीच पडतात. त्याचं काय करू?”

म्हातारा पहिल्यांदा हसला. “हा धंदेवाल्याचा प्रश्न झाला.”

मग त्यांनी साध्या शब्दांत समजावलं. इथून पुढे दोन डबे ठेवायचे, दुकानाचा वेगळा, घराचा वेगळा. दर शनिवारी दुकानाच्या डब्यातून पस्तीस रुपये घरी न्यायचे आणि ते सिद्रामची मजुरी म्हणून लिहायचे. कारण दुसऱ्याकडे राबलास तर मजुरी घेतोस, मग स्वतःकडे राबताना फुकट का? उरलेलं दुकानात राहू द्यायचं. चामडं महागलं, रापी झिजली, पावसात गिऱ्हाईक आटलं, तर ते उपयोगी पडेल. पोरीचं औषध आहे तोवर जास्त लागेल. लागलं तर घ्यायचं. चोरासारखं घ्यायचं नाही. उचल म्हणून लिहून घ्यायचं, म्हणजे किती घेतलं ते दिसेल आणि हात कुठे आखडायचा तेही आपोआप कळेल.

दुसऱ्या दिवशी अमावास्येला सिद्राम कारखान्यात गेला. जुन्या मालकांना नमस्कार करून त्याने सांगितलं की जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. मालकांनी विचारलं, धंद्यात जम बसला का? तो म्हणाला, जम बसलेलाच होता मालक, मला दिसत नव्हता.

त्यानंतरच्या शनिवारी त्याने दुकानाची झापं लवकर लावली. डब्यातून पस्तीस रुपये मोजून घेतले, वहीत लिहिले आणि घरी गेला. मालन चुलीपुढे होती. त्याने रुपये तिच्या पुढ्यात ठेवले. वर्षभरात तो रोज काही ना काही आणून देत होता, कधी दोन, कधी आठ आणे. असे एकत्र कधी ठेवले नव्हते. तिने विचारलं, कुणाचे आहेत?

“माझी मजुरी,” सिद्राम म्हणाला.

तिने ते उचलले नाहीत. आधी त्याच्याकडे पाहिलं. मग पदराला हात पुसून म्हणाली, घरचं उजवीकडचं जे असतं ते ह्यापुढं मी लिहीन, मला अक्षरं येत नाहीत पण आकडे येतात. ज्वारीला कणीस काढीन, औषधाला बाटली काढीन. आणि हसत म्हणाली, तुझ्या वहीत माझं काही लिहायला नको, तूच सांगितलंस, तुला एकच वजाबाकी दोनदा करावी लागते.

सिद्रामने कोऱ्या कागदावर उभी रेघ मारायला घेतली, आणि मग थांबला. घरचं आता वेगळ्याच कागदावर येणार होतं, रेघेची गरज नव्हती. तो कागद त्याने तसाच तिच्याकडे दिला. लेक मध्येच रांगत आली आणि कागदाच्या कोपऱ्यावर हात टेकून उभी राहू लागली. दोघांनीही तिला हटवलं नाही.

ज्याने नुकताच स्वतःचा धंदा मांडला आहे, त्याने वही यासाठी लिहावी, की आपल्या हातांवर खोटा आळ येऊ नये.