टिकलीची कोरडी चोच

सुंद्रामावशीच्या अंगणात कोंबडीची सहा पिल्लं. पाच आली आधी. सहावी आली दोन दिवस उशिरा. तिचं नाव टिकली. होतीही टिकलीएवढीच!

मावशीने पिल्लांसाठी पाणी मांडलं. खाली वीट. विटेवर थाळी. थाळीत उपडा तांब्या. थाळीतलं पाणी कमी झालं, की तांब्यातून आणखी येतं. गुडुक!

"प्या रे बाळांनो, पोटभर प्या," मावशी म्हणाली आणि शेतावर गेली.

पाच पिल्लं प्यायली. चुळुक चुळुक. टिकलीने मान ताणली. आणखी ताणली. चोच पोहोचेचना! टिकलीला असा हेवा वाटला, असा हेवा वाटला, की तिचं पोटच फुगलं. केवढं ते पोट!

टिकली गेली विटेकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"विटे विटे, खाली बस.
मला पाणी मिळेना!
सगळ्यांची चोच ओली, माझीच कोरडी!"

वीट म्हणाली, "मी नाही बसत जा! माती हलली, तर बसेन."

टिकली गेली मातीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"माती माती, हल ना गं.
वीट बसेना,
मला पाणी मिळेना!
सगळ्यांची चोच ओली, माझीच कोरडी!"

माती म्हणाली, "मी नाही हलत जा! कोंबडीने उकरलं, तर हलेन."

कोंबडी म्हणजे टिकलीची आई. ती शेवग्याखाली डोळे मिटून बसलेली. टिकली गेली आईकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"आई आई, उकर ना गं.
माती हलेना,
वीट बसेना,
मला पाणी मिळेना!
सगळ्यांची चोच ओली, माझीच कोरडी!"

आई म्हणाली, "उकरून उकरून पाय दुखले गं बाई! गांडूळ दिसलं, तर उकरेन."

टिकली गेली विटेजवळच्या गांडुळाच्या बिळाशी. तुरु तुरु, तुरु तुरु.

"गांडुळा गांडुळा, बाहेर निघ.
आई उकरेना,
माती हलेना,
वीट बसेना,
मला पाणी मिळेना!
सगळ्यांची चोच ओली, माझीच कोरडी!"

गांडूळ म्हणालं, "एवढ्या उन्हात? मी नाही निघत जा! पाणी सांडलं, तर निघेन."

टिकली गेली थाळीखाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पाण्या पाण्या, सांड ना रे.
गांडूळ निघेना,
आई उकरेना,
माती हलेना,
वीट बसेना,
मला पाणी मिळेना!
सगळ्यांची चोच ओली, माझीच कोरडी!"

पाणी म्हणालं, "मी नाही सांडत जा! धक्का लागला, तर सांडेन."

टिकली गेली भावंडांकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"भावंडांनो, धक्का द्या.
पाणी सांडेना,
गांडूळ निघेना,
आई उकरेना,
माती हलेना,
वीट बसेना,
मला पाणी मिळेना!
सगळ्यांची चोच ओली, माझीच कोरडी!"

भावंडं म्हणाली, "धक्का? छे छे! आम्ही किती गुणी!" आणि पुन्हा पिऊ लागली. चुळुक चुळुक.

टिकली रुसली. आईकडे गेली. टुणकन उडी मारली आणि आईच्या पाठीवर जाऊन बसली. मऊ मऊ. उंच उंच.

भावंडांनी पाहिलं. पाचही पोटं फुगली!

"टिकलीला आईची पाठ? आम्हाला का नाही? मी आधी! मी आधी!"

पाचही पिल्लं धावत सुटली. धाड! धक्का लागला.
पाणी सांडलं, भस्स!
गांडूळ निघालं, वळवळ वळवळ!
आई ताडकन उठली. टिकली घरंगळली, धप्प!
आईने उकरलं, खर्र खर्र!
गांडूळ? ते कधीच सटकलं!
माती हलली.
वीट बसली.
थाळी खाली आली. तांब्यातून पाणी आलं, गुडुक!

इतक्यात मावशी परतली. "अगंबाई, वीट खचली!" म्हणून ती वीट उचलायला वाकली. टिकलीने घाईघाईने चोच बुडवली. चुळुक!

मावशीने हात मागे घेतला. "अस्सं होय? मग राहू दे बाई तशीच."

भावंडं कुरकुरली, "आम्हाला वाकावं लागतं! टिकलीला नाही!"

टिकली बोलणार कशी? तोंडात पाणी होतं ना!

टिकलीची चोच झाली ओली, आपली गोष्ट पुरी झाली.