तरंगणारा सिंह

वस्तू माणसांसारख्या भांडायच्या, त्या काळची गोष्ट. कासमचाचांच्या जुन्या सामानाच्या दुकानात परदेशी खाणीतल्या पांढऱ्या दगडाचा तंबाखूचा पाइप होता. त्यावर आयाळवाला सिंह कोरलेला, म्हणून सगळे त्याला सिंहच म्हणत.

शेजारचा रगडा त्याला हिणवायचा, "दगड म्हणवतोस आणि इतका हलका? मला हलवायला दोन माणसं लागतात!" सिंह ओशाळायचा.

एकदा नदीचं पाणी दुकानात शिरलं. रगडा तळाशीच राहिला, सिंह मात्र तरंगू लागला. बुडणाऱ्या मुंग्या त्याच्या आयाळीत चढल्या आणि आनंदाने गाऊ लागल्या.

कासमचाचा पाण्यातून धावत आले. "तरंगतोय! या जातीचा खरा दगड पाण्यावर तरंगतो, म्हणजे हा अस्सल आहे!"

"मलाही वर काढा रे!" रगडा तळातून ओरडला.

सिंह हसला. "थांबा काका, दोन माणसं येऊ देत."